हिराबाईचं अडकलेलं गाणं

मुरबाड, रविवार

प्रिय संदेश,

'प्रिय' सवयीनं लिहिलंय, लगेच फुगून जाऊ नकोस. मी रागावलेली आहे आणि हा राग फोनवर मावणारा नाही. फोनवर तू "हो आई, हो आई" करत तिकडे भांडी विसळत असतोस, ते मला इथे ऐकू येतं. म्हणून कागद. हे तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. पहिल्या वेळी चार ओळी झाल्या आणि मी उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. दुसऱ्या वेळी दोन पानं भरली आणि दोन्ही फाडली. तुझे बाबा म्हणाले, "अगं, एका जागी बस तरी, नाहीतर मला तरी बाहेर जाऊ दे." गेले बाहेर. बरं झालं.

तुझी नवी रेकॉर्ड पोचली. पहिल्या रेकॉर्डचं नाव ००१, दुसरीचं ००२, हिचं ००३. बारशाला आत्या मिळाली नाही का? रॉटरडॅमच्या बंदरात दिवसभर कंटेनर मोजतोस ते ठीक आहे, पोट आहे. पण स्वतःच्या संगीतालाही नंबरच घालायचे? दिसायला मात्र सुरेख आहे, हिरवी, पारदर्शक, बाटलीच्या काचेसारखी. तीनशेच काढल्या आणि आठवड्यात संपल्या, असं तू कळवलंस. कोण घेतात रे ही माणसं? मी ती आधी तेहतीसच्या वेगावर लावली. बाबा म्हणाले, गिरणीचा पट्टा सैल झालाय वाटतं. मग भिंग घेऊन मधले बारीक आकडे वाचले आणि पंचेचाळीसवर फिरवली. तरी तेच. धप, धप, धप, धप. कुणीतरी दार वाजवत राहिलंय आणि घरातलं कुणी उठत नाही, तसं. पण खोटं कशाला बोलू? पाचेक मिनिटांनी त्या ठोक्यांखालून हिराबाईचा आवाज वर आला, तेव्हा मी वाल सोलत होते, ते सोलायचे राहिले.

आता पाकिटाच्या मागे काय छापलंयस ते बघ. 'सह्याद्रीतला अनाम स्त्रीस्वर.' अनाम? हिराबाईला नाव आहे, रेशनकार्ड आहे, डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं आहे. धसईच्या वरच्या वाड्यांवरची गेल्या चाळीस वर्षांतली लग्नं तिच्या तोंडून लागली. ती धवलेरी आहे. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव घालून ती गाते, तेव्हा कुठे वाडी म्हणते, लग्न लागलं. एकतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं आणि पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगितलं, की दुसऱ्याच्या वहीतलं घेतलंत तर खाली त्याचं नाव लिहा. माझ्याच पोटच्या पोरानं 'अनाम' लिहावं? पुढच्या छपाईत नाव घाल. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

गाणं कसं मिळालं ते मला माहीत आहे, कारण दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत, त्याच संध्याकाळी, तूच हसत हसत सांगितलं होतंस. दिपिका तुला वाडीवर घेऊन गेली होती. हिराबाईचं बोलणं तुला धड कळत नाही, म्हणून सोबतीला. तुझ्या माइकवरचं ते केसाळ टोपडं बघून हिराबाई म्हणाली होती, "ह्ये मुंगूस कशाला आनलंस रं?" मग म्हणाली, नावाबिगर गाणं तोंडात येत नाय, नवरी कोन ते सांग. दिपिका म्हणाली, "माझंच नाव घाल गो आजी, फुकटात लगीन!" आणि हिराबाईनं उचललं. मांडवाच्या दारी नवरी दिपिका गो, तिला न्यायाला आला... तिथे ती थांबली आणि तिनं विचारलं, नवऱ्याचं नाव? तुम्ही दोघंही मशीनवरचा लाल दिवा बघत बसलात. मग तू मशीन बंद केलंस. हे तू मला गंमत म्हणून सांगितलंस आणि मी हसले नाही. का हसले नाही, ते तू विचारलं नाहीस.

दिपिका तेव्हा आठवड्यातून तीनदा तरी घरी यायची. वाडीवरच्या चांगोची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांत इंग्रजीचा निबंध स्वतःच्या डोक्यानं लिहिणारी ती एकटी. त्या दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. तुझा फोन उचलेना. जायच्या आधी तू मला तीनदा विचारलंस आणि मी तीनदा सांगितलं, परीक्षा असेल. त्याबद्दल पुढे लिहिते. पाणी पिऊन येते.

रेकॉर्ड संपली की सुई आत जाऊन गप्प बसते, एवढंच मला ठाऊक होतं. तुझ्या रेकॉर्डवर ती गप्प बसत नाही. शेवटची खाच तू मुद्दाम तिची तिलाच जोडून घेतलीस. सुई तिथे पोचली की तोच दीड सेकंदाचा तुकडा, नवरी दिपिका गो, नवरी दिपिका गो, कुणी हातानं सुई उचलेपर्यंत. तुम्हा लोकांत ही मोठी करामत समजली जाते म्हणे. करामत असेल, पण ती लग्नांत डीजे वाजवणाऱ्या त्या आदेशच्या हातात का दिलीस? एक रेकॉर्ड तू त्याला पाठवलीस, आणि तो आपला प्लेअर गोधडीत गुंडाळून धसईला एका हळदीला घेऊन गेला. नवरी होती अक्षदा. आणि भिंतीएवढ्या स्पीकरांतून नाव दिपिकाचं. एकदा नाही, दहा मिनिटं! पोरं नाचतायत, आदेशला वाटतंय आपला डीजे आज रंगात आलाय. शेवटी अक्षदाच्या मावशीनं हळदीच्या हातानं वायर उपटली. दुसऱ्या दिवशी धसईच्या बाजारात भाजीपेक्षा ही बातमी जास्त विकली गेली.

तुला माहीत नसलेली गोष्ट ही, की दिपिकाचं लग्न ठरलं होतं. मुलगा कसाऱ्याचा, रेल्वेत. ती स्वतः नर्सिंग करून आता शहापूरला एका दवाखान्यात नोकरी करते. लग्न येत्या वैशाखात व्हायचं होतं. अक्षदाच्या हळदीनंतर तिसऱ्या दिवशी चांगो आणि हिराबाई माझ्या दारात. दिपिका मागे होती, पण ती पडवीतच थांबली. मी आत ये म्हटलं नाही. मला वाटलं, येईल. हिराबाईनं सरळ विषय काढला. "बाई, लग्नाचं गानं अर्ध्यात सोडीत नाय. सोडलं तं नवरी दारातच ऱ्हाते. माजी चूक, मी त्या दिशी हसन्यावारी नेलं. पन आता हिच्या मांडवात मी नवं गानं कशी उचलू? पयलं ह्ये पुरं व्हया पायजे, जितं तुटलं तितंच." मी तिला अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं. चांगलं पंधरा मिनिटांचं. चांगो खाली बघत ऐकत होता. मग म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या, तुमचा पोरगा शिकलेला, आन आमची पोर भोंग्यावर." मी चहाचं आधण ठेवायला उठले.

हिराबाई म्हणाली, माजा आवाज मला दाव. मी रेकॉर्ड लावली. ती गुडघा धरून ऐकत बसली. ठोके ऐकून म्हणाली, "येवडं कांडत्यात कशाला, भात तं दिसत नाय." बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग तिचाच आवाज आला, आणि ती पुढे सरकली. शेवटी सुई आत गेली आणि सुरू झालं, नवरी दिपिका गो, नवरी दिपिका गो. चांगो उठून उभा राहिला. म्हणाला, "घाल गो त्या रेल्वेवाल्याचं नाव आन कर पोरीला मोकली." हिराबाईनं घसा साफ केला. मला वाटलं होतं, त्या यंत्राच्या फिरकीत तिला सूर सापडणार नाही. दुसऱ्या फेऱ्याला सापडला. तिला न्यायाला आला, असं म्हणून तिनं श्वास घेतला, आणि दिपिका पडवीतून आत आली. दोन वर्षांनी माझ्या घरात. कुणाकडे न बघता ती प्लेअरपाशी गेली आणि तिनं सुई उचलली. खरवडली नाही, ओढली नाही. तू शिकवलं होतंस तशी, बोटाच्या टोकानं. "ते नाव नको," म्हणाली. एवढंच.

चांगो चहा न घेता गेला. ती त्याच्या मागे गेली, पण दहा पावलं अंतर ठेवून. हिराबाई मात्र उठली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंग कोनाचं घालू? बाई, तुमाला ठाव असंल." त्यानंतर मला घरात बसवेना. कपाटं आवरली, आवरलेली परत आवरली. एसटी स्टँडपर्यंत दोनदा गेले आणि परत आले. बाबांनी काही विचारलं नाही. त्यांना न विचारण्याची सवय मीच लावली आहे.

गेल्या रविवारी जीपनं धसईला गेले आणि तिथून वर वाडीवर चालत. दिपिका सुट्टीवर आली होती. अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मला बघून उठली, बसायला गोणपाट दिलं आणि पुन्हा कामाला लागली. कसाऱ्याला नकार तिनं स्वतःच फोन करून कळवलाय. चांगो तिच्याशी बोलत नाही. मी माफी मागितली. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं तशी, उभं राहून, पूर्ण वाक्यात. तिनं फुलं पसरवत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, माझी माफी ऱ्हाऊ द्या. संदेशला वाटतंय मीच तोडलं. त्याला तुमी लिवा. काय बोललात तेवडंच लिवा, पॉलिश नको. फुडं त्याचं तो बघंल, माझं मी बघेन. तुमी मधी नाय." माझ्या वर्गात ही मुलगी तोंड वर करून बोलत नसे.

तर हे पत्र त्यासाठी आहे. रेकॉर्डवरून ओरडणं ही सगळी त्याची प्रस्तावना होती, मला इथपर्यंत यायला एवढी पानं लागली. तू वाडीची गंमत सांगितलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी दिपिका आली होती. तू बाजारात गेला होतास. ती पडवीत कॉटवर तुझा हेडफोन लावून तेच गाणं ऐकत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तू वाडीवरची आहेस, हे विसरू नकोस. माझ्या मुलानं तुला हेडफोन दिला म्हणजे घर दिलेलं नाही." मी ते इंग्रजीत म्हटलं, वर्गात वापरायचे त्या आवाजात. ती म्हणाली, "येस मॅडम." हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून कॉटवर ठेवला आणि गेली. आणि मी आवाज चढवला नाही, याचं मला कितीतरी दिवस कौतुक वाटत होतं. परीक्षा कुठलीही नव्हती, संदेश. हिराबाई म्हणते, अक्षय्यतृतीयेपर्यंत ती वाट बघेल, त्यानंतर नवऱ्याच्या जागी दगडाचं नाव घालून गाणं पुरं करेल. कोणाचं नाव घालायचं, हे मी तिला सांगितलेलं नाही. ते माझं काम नाही, असं मला बजावलं गेलंय. उद्या सकाळी सुट्टी संपवून दिपिका शहापूरची गाडी पकडायला मुरबाडला उतरेल. पाकीट मी उघडंच तिच्या हातात देणार आहे. मी तिचे निबंध वाचायचे तसं ती हे वाचेल. मी एक शब्द जरी गाळलेला असला तर ती फाडेल, आणि फाडलं तर मला कळवणार नाही. तेव्हा हे तुझ्या हातात आलं असेल, तर शहापूरच्या टपालपेटीत ते तिनं टाकलंय.

तुझीच, यापुढे मध्ये न पडणारी,
आई