विहीर एक, भाऊ दोन आणि मी महासत्ता

२० नोव्हेंबर
सकाळी सकाळी अभिमनचा फोन. "अक्का, तू रविवारले ये नि एकदाव निकाल लाई टाक." चहा गार व्हायच्या आत धाकट्या अमृतचा. तोही तेच! सख्खे भाऊ, एकाच अंगणात दोन दारं, आणि एकमेकांशी बोलतात जळगावमार्गे. मी काय टेलिफोन ऑफिस आहे?

भांडण जुनंच. आमच्या वडिलांची, नानांची विहीर एक, वाटेकरी दोन. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री. दिवसा पाणी भरायला दोघं तयार. रात्री, थंडीत, बिबट्याच्या भीतीत कोण जाणार? दर हिवाळ्यात मी एरंडोलची एसटी धरायची, निकाल द्यायचा, दोघांनी "हो अक्का" म्हणून माना डोलवायच्या. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यंदा मात्र हद्द झाली. अमृतच्या पुनमचा साखरपुडा चौदा डिसेंबरला आहे, आणि अभिमन म्हणतो, "मी येस नही." मोठा काकाच नसेल तर मुलाकडच्यांना सांगायचं काय? काकाला बिबट्याने नेलं?

बॅग काढली. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "निघाली महासत्ता!"

२१ नोव्हेंबर
बारावीला शीतयुद्ध. अमेरिका व्हिएतनाममध्ये, सोव्हिएत रशिया अफगाणिस्तानात. पहिल्या बाकावरची मोहिनी— हिचं तोंड म्हणजे लाह्या फुटतात— मध्येच म्हणाली, "मॅडम, त्यांना तिथे बोलावलं कोणी होतं?"

अगं, बोलावलं होतं, हीच तर पंचाईत! तिथल्या सरकारांनीच मदत मागितली होती. आत जायला दार उघडं असतं, बाहेर पडायचं सापडत नाही. एकाची बाजू घेतली की दुसरा वैरी, आणि ज्याची घेतली तोही नाराजच. पैसा आपला जातो, माणसं आपली मरतात, वर शिव्याही आपल्यालाच. त्याच अफगाणिस्तानात आधी इंग्रज पोळले, मग रशिया, मग अमेरिका. पुढच्याने मागच्याचं पाहिलं नव्हतं का? पाहिलं होतं की! पण प्रत्येकाला वाटतं, तो मूर्ख होता, मी नाही.

बोलता बोलता थांबले. पोरं बघत राहिली. तीस वर्षं हे शिकवते आहे मी— आणि परवाची एसटी?

२३ नोव्हेंबर
गेले नाही!

२४ नोव्हेंबर
दोघांना सांगून टाकलं— विहीर तुमची, पाणी तुमचं, थंडीही तुमचीच. मी निकाल देणार नाही. अभिमन भडकला, "मंग मोठी बहीन कशाले शे?"

लागलं ते. फोन ठेवला आणि उगाच पोह्यांचा डबा घासत बसले. ह्यांनी चहा करून दिला. गोडमिट्ट होता. प्यायले.

२९ नोव्हेंबर
फोन नाही. कोणाचाच नाही. पुनमचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. मी तत्त्व सांभाळलं आणि पोरीच्या साखरपुड्याचा विचका झाला तर? बडे लोक हात झटकून निघून गेले आणि मागे राहिलेल्यांचे हाल कुत्रा खाईना, हेही इतिहासातच आहे. हे मोहिनीने विचारलं असतं तर काय सांगणार होते मी? अभिमनचा नंबर काढला. ठेवला. पुन्हा काढला. पुन्हा ठेवला.

२ डिसेंबर
जीव थाऱ्यावर नाही. भाजीत दोनदा मीठ.

५ डिसेंबर
मिटलं! मिटलं एकदाचं!

अमृतचा फोन— आणि मागून अभिमनचा आवाज, "वांगं जयनं ना रे, पलटाव!" म्हणजे एकाच जाळाशी बसलेत दोघं! आमच्याकडे समेट झाला का, हे विचारावं लागत नाही. मळ्यात काड्यांच्या जाळावर भरताची वांगी कोण कोण भाजतंय, ते बघायचं. आणि ठरलं काय, तर पाळीच नको! रात्रीची लाईट असली की दोघांनी मिळून जायचं— एक मोटरीपाशी, एक पाण्यापाशी. गप्पा मारत होऊन जातं म्हणे. मला हे जन्मात सुचलं नसतं. मी आपली आठवडे वाटत बसले असते.

हुश्श! केवढं हलकं वाटतंय. कॉलेजातून आले ती साडीही न बदलता झोपले.

१४ डिसेंबर
साखरपुडा झकास. अभिमन तर असा मिरवत होता, जशी काही पुनम त्याचीच लेक. मला कोणी काही म्हणजे काही विचारलं नाही— हार कुठे, पंगत कधी, अमक्याला कुठे बसवू. नुसती बसले आणि पोटभर जेवले. वरणबट्टी गरम होती! लग्नकार्यात गरम जेवण माझ्या वाट्याला शेवटचं कधी आलं, आठवत नाही.

१५ डिसेंबर
निघताना कोकिळा— अमृतची बायको— माझा डबा भरता भरता म्हणाली, "अक्का, राग नका मानू. दरसाल तुम्ही निकाल देतस, जळगाव निंघी जातस. मंग या दोन्ही भाऊ मयामा वांगा भाजीसन बठ्ठं परत ठरावतस. आवंदा तुम्ही उन्यातच नही, म्हनीसन लवकर मिटनं."

म्हटलं, म्हणजे माझी पाठ वळली की मळ्यात सगळं नव्याने ठरतं, आणि यंदा मी आलेच नाही म्हणून लवकर मिटलं? मग बाई, मला बोलावता तरी कशाला?

"असं कसं? मोठी बहीन शे. मान नको का?"

एसटीत हसू आवरेना. शेजारची बाई सरकून बसली. एवढ्या वर्षांत माझा एकही हुकूम कोणी पाळलेला नाही! आणि बीपीची गोळी मी खाते.