भिंतीवरची सुनीती

प्रिय सुनीती,

काल मी तुझ्यासाठी मिनिटभर मान खाली घालून उभी होते.

आपल्या नाट्यमंडळाला यंदा पन्नास वर्षं झाली. रेल्वे कॉलनीतल्या गणपतीपुढे बाकं जोडून नाटकं करणारे आपण, आणि काल आम्ही शंकर नगरच्या थंडगार हॉलमध्ये बसलो होतो. मंडळाचा इतिहास पोरांनी मांडला, तोही अर्धा हिंदीत. पण मांडला हेच खूप. एका भिंतीवर दिवंगत कलावंत होते. रंगभूषा करणारे नत्थूभाऊ, कमलाताई आणि त्यांच्या शेजारी तू, चंदनाचा हार घातलेली. तेवढ्यात सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं केलं. खरं सांगू, मला आधी रडू नाही, तुझा रागच आला. बाई मेली तीही न सांगता.

खाली बसल्यावर पुन्हा नीट पाहिलं. अगं, तो तर आपल्या नाटकातला फोटो. पहिल्या अंकात तू जिवंत, दुसऱ्यात भिंतीवर. तुझ्या नवऱ्याचं काम करणारे श्यामराव त्याच्यापुढे ढसाढसा रडायचे आणि तू विंगेत तोंडात पदर कोंबून हसायचीस. सामानाच्या पेटीत तो हारासकट पडून होता. भिंत सजवणाऱ्या पोरांतल्या यशदीपला विचारलं, तर म्हणतो, "आंटी, हार चढा था, तो हमने समझ लिया." श्यामरावांना मी चांगलं धारेवर धरलं. ते म्हणाले, "मले वाटलं तुले ठाऊक असन, म्हणून मी चूप उभा राह्यलो." सगळा हॉल असाच एकमेकांच्या भरवशावर उभा होता. मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि फोटो उतरवायला सांगितला.

यशदीप स्टुलावर चढला, फोटोला हात लावला आणि वळून विचारलं, "मतलब आंटी ज़िंदा हैं ना? पक्का?"

तू मुलाकडे अकोल्याला गेलीस, त्यानंतर दोन-चार फोन झाले, मग तेही राहिले. काल तिथूनच तुझा नंबर लावला, तो आता दुसऱ्याच कुणाचा आहे. श्यामराव माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. पोरगा स्टुलावर तसाच ताटकळत होता.

म्हणून हे पत्र, माझ्याकडच्या अकोल्याच्या जुन्या पत्त्यावर. लिहायचा कंटाळा आला तर आत कोरा कागद घाल. फक्त पाकिटावरचं माझं नाव तुझ्या हातचं असू दे.

तुझीच, उत्तर येईस्तोवर घाबरलेली,
विनोदिनी