नव्याण्णवच्या खुणेवर टांगलेले चेंडे

२० ऑगस्ट
छावणीतून परत. घर नंतर बघेन म्हटलं — आधी वाचनालय! दार गाळाने अडलेलं. लतिकाने आणि मी खांदा लावून उघडलं. आमच्या पथकाचे अकरा चेंडे. एकही कोरडा नाही. पानं भिजल्या पापडासारखी लोंबतायत, दोऱ्या फुगल्यात.

चूक माझी. आशान म्हणाले होते, शाळेच्या माडीवर ठेव. मी शहाणी! वाचनालयाच्या भिंतीवर नव्याण्णव सालच्या पुराची खूण आहे, आजोबांच्या वेळची. तिच्या हातभर वर टांगले. त्या खुणेवर अख्खा गाव विसंबला आणि अख्खा गाव बुडाला. मीच लिहून ठेवते, कुणी सुनवायला नको.

२१ ऑगस्ट
थोरले दीर भेटले, सुकुमारन चेट्टन. "घरात तांदळाचा दाणा नाही आणि ह्या चेंडे धुतायत! नदीनेच निकाल दिला म्हण." देवस्थान समितीचे सचिव ना ते! डिसेंबरच्या उत्सवात मिरवणुकीपुढे बायकांचं पथक — गावात पहिल्यांदाच — ती तारीख त्यांनी नाक मुरडतच दिली होती.

"तारीख खोडू नका, चेट्टा. आम्ही वाजवणार," म्हटलं.

तांदूळ खरंच नाहीत. तरी धुणार!

२४ ऑगस्ट
उद्या ओणम. फुलं नाहीत, पायसम नाही. दिवसभर दोऱ्या सोडवल्या. पानं सगळी गेली. खोडं फणसाची, ती वाचतील — पण सावलीत, सावकाश वाळवली तरच.

२६ ऑगस्ट
लतिकाने दोन खोडं उन्हात ठेवली! लवकर वाळावीत म्हणून. दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज. दोन्ही वरपासून खालपर्यंत चिरली. मी तिला नको नको ते बोलले. ती रडली, मग मीही. नऊ उरली.

१५ सप्टेंबर
पेरुवेंबला गेलो. पानं बनवणारा म्हातारा कारागीर म्हणाला, "जानेवारीत या. सगळ्यांचेच चेंडे बुडालेत."

"मग आम्हाला शिकवा."

हसला. "तुम्हाला? हाताचा वास महिनाभर जात नाही, चेची."

"पुराच्या चिखलाचा तरी कुठे गेलाय?"

शिकवतो म्हणाला!

२ ऑक्टोबर
कातडं खरवडून बोटं सोलवटली. जेवताना वास येतो. जेवते.

सुकुमारन चेट्टन अंगणातूनच — "शिव शिव! आपल्या घरात चामडं!"

"देवापुढे वाजतं ते काय केळीचं पान असतं?" मी विचारलं. गेले. नवरा आत तोंड दाबून हसत होता.

११ नोव्हेंबर
पहिलं पान फाटलं. दुसरं मुकं. तिसरं, चौथं, पाचवं — नुसतं भद्द! आज सहावं. लतिकाने काठी मारली आणि शेजारची कुत्री भुंकत सुटली. नाचलो आम्ही!

८ डिसेंबर
समितीची नवी अट. आशान मध्ये उभे राहून पथक चालवणार असतील, तरच बायका. म्हणजे आम्ही मागे, मान पुरुषाचा. संताप आला. पण नाही म्हटलं तर सगळंच जातं.

आशान संध्याकाळी आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. प्रत्येक चेंड्याला कान लावला. एक बाजूला सारला. आठांबद्दल काही बोलले नाहीत. आशान गप्प म्हणजे पसंत.

आठ चेंडे, अकरा बायका. झांजांवर कोण, असं विचारायच्या आत लतिका म्हणाली, "मी. खोडं मीच फोडली."

मला काही बोलता आलं नाही.

११ डिसेंबर
देवळापुढे सुकुमारन चेट्टनांनी आशानांना मधली जागा दाखवली. आशानांनी खांद्यावरचा स्वतःचा चेंडा उतरवून लतिकाच्या खांद्यावर चढवला. तिच्या झांजा घेतल्या. मला दंडाला धरून मध्ये उभं केलं आणि मागच्या रांगेत, बायकांच्या रांगेत, जाऊन उभे राहिले. सचिव काहीतरी बोलायला पुढे आले. त्याआधी मागून आवाज आला — "रत्नम्मा, सुरू कर! किती वेळ ताटकळत ठेवशील म्हाताऱ्याला?"