सूरज दूध आणायला गेला होता

३ फेब्रुवारी, मंगळवार
लेख झाला. शीर्षक: 'सूरज दूध आणायला गेला होता'. गटारी, भटकी कुत्री, बंद दिवे... इतकी वर्षं पेपरला पत्रं लिहिली, हात कधी अडला नाही. आज 'होता' लिहिताना पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन आलो.
सुमनला वाचून दाखवला. भाकरी थापत होती. "जर्सी मी दिली त्ये लिवलंय न्हवं?" लिहिलंय म्हटलं. "आणि दूध?" तेही. तव्यावरची भाकरी करपली.

४ फेब्रु.
परत वाचला. घडलं ते एवढंच. फुटबॉल मॅचचा दिवस. पोराचे शर्ट दोरीवर ओले. वाळली होती ती आमच्या तालमीच्या टीमची जर्सी, सु.नं तीच काढून दिली. किटली घेऊन कट्ट्यावर गेला, म्हैस समोर पिळून देतात तिथं. स्टेडियमवरून दोन्हीकडची पोरं दगड मारत त्याच रस्त्यानं आली. एक डोक्याला बसला. अंगावर जर्सी बघून पोलिसांनी त्याचं नाव दंगलीच्या गुन्ह्यात घातलं. दुसऱ्या दिवशी पेपरात, 'दगडफेकीत हुल्लडबाज तरुण ठार'.
हुल्लडबाज. शिवाजी पेठेत मॅचच्या दिवशी सलूनवाला पण जर्सी घालून दाढ्या करतो.
सु.नं त्या दिवसापासून घरात पेपर बंद केलाय. तरी लेख त्याच पेपरात आला पाहिजे. जिथं तो शब्द छापला, तिथंच.

६ फेब्रु., शुक्र.
पेपरच्या ऑफिसात जाऊन आलो. रविवारची पुरवणी नाईक बघतात. जुनी ओळख, माझी सगळी पत्रं त्यांनीच छापली. चहा मागवला. लेख वाचताना एकदा चष्मा काढून डोळे पुसले, खोटं का सांगू. आणि मग म्हणाले, "काका, लई चांगला हाय. पण घरगुती झालाय. जर्सी, किटली, कट्टा... जरा जनरल करा की."
म्हटलं, माझं पोरगं जनरल न्हवतं.
"नाव तर घालताच येणार न्हाय. गुन्ह्यात नाव हाय त्याचं. केस चालू हाय, वकील आमच्याच डोक्यावर बसतील."
शेवटी म्हटलं, नाव काढा. दूध ठेवा.
"बघतो की."
घरी सु.ला नावाचं सांगितलं नाही. उगाच कशाला, असं स्वतःलाच सांगितलं.

११ फेब्रु.
लेखाचं अजून काही नाही. गटारीवर लिहिलं की दुसऱ्या दिवशी छापतात.
विक्या आला होता, रोज येतो. सूरजचा तालमीतला दोस्त, त्या दिवशी यानंच त्याला उचलून रिक्षात घातलं. सु.जवळ बसतो, ती त्याला खायला घालते. आज तिनं त्याला दोनदा सूरज म्हणून हाक मारली. त्यानं दोन्ही वेळा ओ दिली.
त्यालाही लेखाचं सांगितलं. "काका, बरं केलासा. आमच्या बाजूनं कोण तर लिवाय पायजे."

१९ फेब्रु., गुरु.
नाईकांचा फोन. या रविवारी येतोय. "थोडी कात्री लावलीय, जागेचा प्रॉब्लेम." दुधाचं राहिलं का विचारलं. म्हणाले, पान डेस्ककडं, उपसंपादकांकडं गेलंय. हेडिंग पण डेस्कच देतो.
सु.ला सांगितलं, रविवारी. तिनं फोटोला नवा हार आणला.

२२ फेब्रु., रविवार
स्टॉलवर जाऊन घेतला. तिथंच उभ्यानं उघडला.
'मैदानावरची हुल्लडबाजी कधी थांबणार?'
खाली माझं नाव. माझा फोटो. शेजारी घोळक्याचा जुना फोटो, सगळ्यांच्या अंगावर आमचीच जर्सी. सूरज 'एक तरुण' झालाय. जर्सी नाही. किटली नाही. दूध नाही. पोरांना आवर घाला म्हणून शेवटी चार ओळी आहेत, त्या मी लिहिलेल्याच नाहीत.
स्टॉलवाला म्हणाला, भारी लिवलंय काका, चांगली ठोकली पोरं. सकाळपासून ज्यांचे फोन आले ते सगळे अभिनंदनच करतात. मीही थँक्यू म्हणतो. लाज वाटते.
कोपऱ्यावर विक्या भेटला. हातात पेपर. "काका, तुमीबी हुल्लडबाजच म्हणला व्हय आमाला?" मी सांगायला लागलो, हेडिंग डेस्क देतो... डेस्क म्हणजे कोण ते त्याला काय सांगणार. तो गाडीला किक मारून गेला.
दुपारी सु. पदर खोचून समोर बसली. "वाचा."
वाचलं. पेपर तोंडासमोर धरून मी माझा लेख पाठ म्हणून दाखवला. शीर्षकापासून. सूरजचं नाव जिथं जिथं होतं तिथं घेतलं. दोरीवरची जर्सी, किटली, कट्टा, सगळं. एका ठिकाणी अडखळलो, तिनं पाणी दिलं. शेवटी डोळे पुसून म्हणाली, "आता कोण काय म्हणणार न्हाय माझ्या लेकराला." आणि पेपर मागून घेतला. घडी घालून फोटोच्या पाठीमागं ठेवला.
तिला अक्षर जवळून दिसत नाही. चष्मा लागतो.

२३ फेब्रु., सोम.
नाईकांना फोन केला. उचलला नाही. मूळ लेखाची प्रत आहे माझ्याकडं, दुसऱ्या पेपरला द्यावी म्हणतो. तिथंही कुठलातरी डेस्क असणारच.
विक्या कालपासून आलेला नाही. सु.नं त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. आत्ता म्हणाली, "विक्या का आला न्हाय ओ? काय बोललासा काय त्याला?" बघतो म्हटलं.
फोटोमागनं पेपर काढल्याचा आवाज झाला.
"अवं, माझा चष्मा कुठं ठेवलाय?"
फळीवर आहे, किटलीशेजारी. मी अजून उठलेलो नाही.