चिमाजी आबांचा हुंकार

३ जानेवारी, हिर्डोशी
आज रेकॉर्डिंगचं पार वाटोळं! रतनबाई रंगात येऊन गोष्ट सांगत होत्या आणि शेजारी त्यांचे मालक, चिमाजी आबा, दर घडीला "हं". अर्धांगवायूनं वर्षापूर्वी वाचा गेली, तेवढा हुंकार उरलाय. मी त्यांना ओसरीवर बसवायला लावलं. मग गोष्ट सपकच झाली. "हुंकार न्हाई तर सांगू कुनाला?" – रतनबाई. माझंच चुकलं.

५ जानेवारी, भोर
"स्वीडिश लोकांच्या साध्या गप्पांत बोलण्याचा एकेक तुकडा कुठे संपतो, ते उच्चारावरून शोधतात. तू भोर-वेल्ह्यात शोध." माझ्या पीएचडीच्या सरांचा हट्ट. तीन महिने तेच करतेय. तुकडा संपताना शेवटचा स्वर लांबतो, आवाज खाली बसतो.

आज ते हुंकार कापून टाकायला बसले आणि हात थांबला. प्रत्येक "हं" तुकडा संपतो तिथेच! रतनबाई मध्येच खोकल्या, पिंक टाकायला थांबल्या – तिथे आबा गप्प. चाळीसपैकी सदतीस बरोबर. मी मशीन लावून जे शोधतेय, ते हा माणूस पडल्या पडल्या करतोय.

८ जानेवारी, हिर्डोशी
त्यांचा मुलगा स्वरूप म्हणाला, "ताई, आबास्नी काय बी कळत न्हाई. बोलायला शिकवनाऱ्या डॉक्टरीनबाईंकडं नेनं बंद करतोय. एसटीत लई हाल व्हत्यात."
डोकंच फिरलं. आकडे दाखवले. "सवय हाय त्यांची," म्हणाला.
संध्याकाळी सरांना फोन केला. "सूर कळणं म्हणजे अर्थ कळणं नव्हे." बरोबर बोलतात, म्हणून जास्त राग येतो.

११ जानेवारी
जिंकले!
स्वरूपला समोर बसवलं. रतनबाईंना आधीच बजावलं होतं – सूर नेहमीचा, पण मध्येच गोष्टीत काहीतरी भलतंच घालायचं. आबांचे हुंकार सुरू. आठ, नऊ, दहा. मग त्याच सुरात, शेवट तसाच लांबवून, "आन् म्हशीनं भाकरी थापलीऽ".
हुंकार नाही. आबांनी मान वळवून बायकोकडं नुसतं बघितलं. रतनबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. स्वरूप आधी हसला, मग आबांच्या जवळ सरकला. "मंगळवारची एसटी धरतो," म्हणाला.
सरांना काय सांगायचं ते सांगीन. आज मला कुणी अडवू नये.

१९ जानेवारी
स्वरूपचा फोन. इतका हरखलेला, की बोलताना एकही शेवट जागेवर नव्हता. दूध उतू गेलं म्हणून रतनबाई गोष्ट अर्ध्यात सोडून उठल्या, आणि आबा म्हणाले, "म्होरं?"