वाफ कुठाय?

सोमवार, ३ मार्च

परत आलं! तिसऱ्यांदा.

ड्रायव्हरकाका स्वतः घेऊन आले, लेकीचा हात धरून. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं वाफेचं इंजिन चालवलेला माणूस! त्याच इंजिनाचं हे वीतभर मॉडेल, आणि त्यात आवाज बसवायचं काम माझ्याकडे. रुळांवर एक फेरी झाली न झाली तोच म्हणाले, "ठोके ठीक आहेत. पण वाफ कुठाय? हे इंजिन नव्हे रे, शिलाई मशीन आहे!"

मामा हसला. मला हसू आलं नाही. कारण त्यांचं खरं आहे — मलाही वाफ ऐकू आली नाही.

मंगळवार, ४ मार्च

दुकान मामाचं, म्हणून मला टेबल मिळालं. शाळा आठवीत सुटली. दाखवायला सर्टिफिकेट नाही, हे दोन कान आहेत. सहा वर्षं हेडफोन लावून हेच करतोय — चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके, एकही पुढे-मागे नाही. बोटाच्या पेराएवढा स्पीकर, त्यातून घाट चढणारं इंजिन काढायचं.

काकांनी नोकरीत असताना स्वतः टेप केलेला आवाज आहे. त्यातली खरखर मी साफ केली होती. तिच्याबरोबर वाफही पुसली गेली असणार! मूळ कॅसेट पुन्हा लावली. तिच्यातही वाफ नाही. जुनी कॅसेट, उडून गेली असेल.

मामा म्हणतो, "आहे की वाफ! छान फुसफुसतेय. म्हाताऱ्याच्या कानात बोळे आहेत." मला बरं वाटावं म्हणून म्हणतो. कळतं मला.

बुधवार, ५ मार्च

वाफ दुसरीकडून आणली. शेजारच्या लाँड्रीत बॉयलर आहे, त्याची रेकॉर्ड करून ठोक्यांखाली घातली. वाढवली. आणखी वाढवली. कॉम्प्युटरवर रेघा गवतासारख्या दाट उभ्या, आणि कानात काही नाही! म्हणजे स्पीकरच खराब. तीन बदलले.

प्रत्येक आवाज मी वहीत अक्षरांत लिहून ठेवतो. 'फ्स्स' — यात दोन स की तीन? अर्धा तास पेन हातात. ठरेना.

गुरुवार, ६ मार्च

मामाने सांगून टाकलं, "उद्या काका खूश झाले नाहीत तर आवाजाचं काम बाहेर देतो. तू पॅकिंगला बस. राग मानू नकोस, भाच्या."

पॅकिंग! खोक्यांना चिकटपट्ट्या लावायच्या, जन्मभर.

जेवताना आई चिडली. "तीन हाका मारल्या! लक्ष कुठे असतं रे तुझं?" लक्ष वाफेत आहे, आई. दुसरं काही सुचतच नाही.

दुपारी मामा बाहेर गेला होता. चौथा स्पीकर लावला, वाफ पार टोकापर्यंत नेली. डोळे मिटले, कान इंजिनाला टेकवला —

आली! बारीक, लांबून, पण आली! कोणाला ऐकवावं तर दुकानात कोणी नाही.

शुक्रवार, ७ मार्च

काका स्टुलावर बसले. मी इंजिन सोडलं. पहिल्या वळणालाच त्यांचा हात हवेत वर गेला, दांडा ओढावा तसा.

"हेच! हेच माझं इंजिन! पोरा, कान असावेत तर असे!"

डोळे भरले होते त्यांचे. माझेही. वाचलो, असं वाटलं.

मग लेकीकडे पाहिलं. तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती. "अहो, बंद करा ते! दात शिरशिरताहेत माझे!" मामा धावत आला आणि त्याने प्लग उपटला. "वेड लागलं का तुला? किती कोंबलीस! डोक्यात सुया टोचल्यासारखं होतंय!"

काका म्हणाले, "का रे बंद केलंस? गोड होतं की."

मलाही गोडच वाटलं होतं. आम्हा दोघांनाच.

काकांची लेक मामाला हळूच म्हणाली, "बाबांचे कान इंजिनानेच नेले. बारीक आवाज आधी जातात." मग ती माझ्याकडे बघत राहिली. मामाही.

शनिवार, ८ मार्च

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तपासणीच्या कागदावरून नजर उचलून वय विचारलं. तेवीस, म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं.