गाळलेलं चिन्ह

मंगळवार, संध्याकाळ

आज लॅबमधल्या जुन्या वसंतकाकांची जिरवली. आमच्या फौंड्रीच्या लॅबमधलं टेस्टिंग मशीन फक्त जुन्या विंडोजवर चालतं, म्हणून त्याला जोडलेला जुना कॉम्प्युटर बदलता येत नाही. मी त्यातच नवी कमांड-लाइन टूल्स बसवली, म्हणजे माउसने क्लिक करत बसण्याऐवजी एक ओळ टाइप केली की काम होतं. मी रुजू झाले तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हे पोरीचं काम न्हाय." मशीनचे रिपोर्ट ते तारखेप्रमाणे एकेक करून फोल्डरमध्ये लावतात, त्यात दिवस जातो. मी एक ओळ टाइप केली आणि चहा संपायच्या आत सगळे लागले. मालक हसले. "मग वसंतराव, तुम्ही दिवसभर करता काय?" काकांचे कान लाल झाले.

नंतर ते छोटी वही घेऊन आले. "तेवढी ओळ लिवून दे की. मला बी शिकायचं हाय."

लिहून दिली. मधलं एक चिन्ह मुद्दाम गाळलं; त्याशिवाय ती ओळ चालतच नाही. का? ते लाल कान बघून समाधान झालं नव्हतं माझं? फोन करून सांगता येईल अजून. नाही करणार.

जाताना म्हणाले, "लई उपकार झालं. आज घरी पाठ करतो. उद्या मालकांसमोर वही न बघता टाकून दाखवतो."